एकाच रंगाची विमानं

डेंटिस्टने दहा हात लांबीची कागदी फीत दोऱ्याने विमानाच्या शेपटीला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि रिमोट काचवाल्या काकांच्या गळ्यात अडकवला.

"मोडलं तर मोडलं, काका. थर्माकोलच आहे."

काचवाले हे नाव त्यांना रिमोटवरची विमानं उडवणाऱ्या क्लबनेच दिलं होतं. तीन वर्षं खपून त्यांनी लाकडाचं एक देखणं विमान केलं आणि ते घरी काचेच्या कपाटात ठेवून दिलं. मैदानावर यायचे ते इतरांची विमानं बघायला. फार तर कुणाचं तरी मागून घेऊन दोन शहाण्या घिरट्या मारायचे. झुंजीचं नाव काढलं की हात जोडायचे. बाकीचे सभासदही तसेच. झुंज म्हणजे आपल्या विमानाच्या पंख्याने दुसऱ्याची फीत कापायची, तर विमानं धडकणार, पडणार. आणि सगळ्यांचा जीव आपापल्या विमानात अडकलेला. डेंटिस्टने वर्षभर एकेकाच्या विनवण्या केल्या. कुणी दाद दिली नाही. शेवटी सेक्रेटरीबाईंनी सांगून टाकलं, आज दुपारपर्यंत झुंजीसाठी चार नावं आली नाहीत, तर मैदानावरची रविवारची सकाळ ग्लायडरवाल्यांना. डेंटिस्ट, त्याचा मेहुणा आणि एक बेकरीवाली, एवढेच होते. वीस वर्षांचा खेळ एका नावापायी बंद पडणार होता. म्हणून त्याने आठवडाभर बसून पांढऱ्या थर्माकोलची विमानं कापली, ज्याला हवं त्याला फुकट उडवायला. रंग द्यायला मात्र वेळ उरला नाही.

मेहुण्याने काकांचं आणि डेंटिस्टचं, दोन्ही विमानं एकामागून एक हवेत भिरकावली.

काका बिचकत उडवत होते. दुसऱ्याच मिनिटाला विमानं एकमेकांवर आपटली आणि एक गरगरत कडेच्या उंच गवतात गेलं.

"डॉक्टर, तुमचं पडलं," काका श्वास रोखून म्हणाले. "माझं आहे अजून."

डेंटिस्टने आपल्या रिमोटची दांडी किंचित हलवली. वरचं विमान डावीकडे झुकलं. ते त्याचं होतं.

सांगायला त्याने तोंड उघडलं आणि काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वर लागलेला तो म्हातारा चेहरा असा उजळला होता की त्याने तोंड मिटलं. तो हळूच त्यांच्या खांद्यामागे सरकला. एक डोळा त्यांच्या अंगठ्यांवर, एक आभाळात. काकांनी दांडी उजवीकडे ढकलली, त्यानेही ढकलली.

"जरा उशिरा ऐकतंय," काका म्हणाले.

"वारा आहे."

झाडाचं पान हलत नव्हतं. मेहुणा उगाच खोकला.

मग काकांनी ओठ आवळले आणि दांडी सावकाश मागे ओढली. डेंटिस्टचा अंगठा त्यांच्या मागोमाग गेला. विमान चढत गेलं, वर निवांत उलटं झालं आणि मागे पांढरी फीत ओढत भला मोठा गोल पुरा करून खाली आलं. असा गोल डेंटिस्टने वीस वर्षांत कधी घेतला नव्हता. झुंजीत तो घेणाऱ्याची फीत पहिल्याच फेरीत जाते. त्याला आजवर समोरच्याची शेपूट तेवढी दिसायची. आज विमान दिसलं. हे इतकं सुंदर असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"परत घेऊ?" काकांनी कुजबुजत विचारलं.

"घ्या."

त्यांनी आणखी तीन गोल घेतले. उतरवलंही दोघांनी मिळूनच, अलगद.

"चला, तुमचं शोधू," काका म्हणाले. मी आणतो, तुम्ही बसा, असं डेंटिस्ट म्हणेपर्यंत ते गवतात शिरलेही होते. विमान उताणं पडलं होतं. ते उचलायला काका वाकले आणि गळ्यातल्या रिमोटच्या दांडीला त्यांचा हात लागला. पडलेल्या विमानाच्या शेपटीची झडप हलली.

काका थांबले. त्यांनी मुद्दाम पुन्हा दांडी ओढली. झडप पुन्हा हलली.

गेलं चौथं नाव, असं डेंटिस्टला वाटलं.

"तो मोठा गोल," काका म्हणाले, "तो मग कुणी घेतला?"

"तुम्हीच. माझी छाती झाली नसती."

काकांनी विमान उचललं. एक पंख मधोमध मोडला होता. मोडल्या जागेवरून त्यांनी बोट फिरवलं. लांबून सेक्रेटरीबाईंनी हाक मारली, "डॉक्टर, तीनच धरू ना?"

"चार लिहा," काका ओरडून म्हणाले. मग डेंटिस्टकडे वळले. "आणि माझं लाल रंगवा. पडलो, तर माझं मला कळू दे."