मागच्या खोलीचं मोठं बटण

सुनेच्या नावाचं पत्र आलं तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या.

"वाच मोठ्यानं," त्या म्हणाल्या. त्यांना छापलेलं वाचता यायचं, पण अक्षरावर बोट ठेवून. आणि सुनेपुढे बोट ठेवायचं म्हणजे त्यांना अगदी कमीपणा वाटे.

सून नर्स होती. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा धुवायची, इंजेक्शनं द्यायची. त्यासाठी ऑफिसनं तिला गाडी दिलेली. विजेवरही चालणारी, पेट्रोलवरही; प्लग-इन हायब्रिड म्हणतात ती. अट एवढीच, की संध्याकाळी घरी वायर लावायची, म्हणजे दुसऱ्या दिवशीची फेरी विजेवर होते. पत्रात लिहिलं होतं, सहा महिने गाडी जवळजवळ पेट्रोलवरच पळतेय, चार्जिंग नीट होत नाही, तरी सोमवारी गाडी जमा करावी.

"मी सांगत होतो," मुलगा म्हणाला. "आळस, दुसरं काय! वायर लावायला काय डोंगर खोदायचाय?" आणि हे कोण बोलतंय, तर ज्याला स्वतःचा चष्मा कपाळावर असताना बायकोला हाक मारावी लागते तो.

"मी रोज लावते," सून म्हणाली. "आठला घरी आले की आधी वायर, मग चप्पल काढते."

"मग वीज जाते कुठं? मांजर पिऊन जातं?" सासूबाईंनी देठ मोडला. "तो गॅरेजवाला काय म्हणाला होता? बॅटरी ठणठणीत आहे, बाई लावतच नाहीत. आता गॅरेजवाला खोटा, ऑफिस खोटं, तू एकटी खरी!"

पत्राची घडी घालून सून म्हणाली, "गाडी गेली की टेकडीपलीकडची माझी अकरा माणसं दुसऱ्या कुणाकडे जातील. तो घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा तर दुसऱ्या कुणाला दारही उघडत नाही. त्याचा पाय आत्ता कुठं भरत आलाय. आणि मला वॉर्डात बसवतील."

ती रडली असती तर सासूबाईंनी तिला चार शब्द सुनावले असते. पण ती रडली नाही, चेहरा धुवायला गेली, आणि सासूबाईंना वाटलं, ही खोटं बोलत नाहीये. मग कुणीतरी वीज चोरतंय. आपल्या घरातून! त्यांच्या डोक्यात लगेच शेजारचा तो पेन्शनर आला. त्याच्या बाल्कनीत हल्लीच नवे दिवे लागले होते आणि माणूस हसायचाही जरा जास्तच.

"चोर माझ्या हातातून सुटत नाही," त्यांनी जाहीर केलं.

शुक्रवार होता. आठला सून आली, अंगणात गाडी लावली, मागच्या खोलीच्या खिडकीतून बाहेर आलेली वायर गाडीला जोडली. जोडणीपाशी हिरवा ठिपका लुकलुकायला लागला. सासूबाई मागच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून बसल्या, मांडीवर लाटणं. मुलगा डोकावून गेला, "आई, पेन्शनरला लाटणार की काय?" त्याला त्यांनी नुसत्या नजरेनंच परत पाठवलं.

ठिपका लुकलुकत होता. पेन्शनर एकदा बाल्कनीत आला, झाडांना पाणी घातलं, गेला. साडेआठ वाजले.

साडेआठला सासूबाईंची फेरी. कधीकाळी इस्त्री चालू राहून त्यांच्या घरातलं टेबल जळालं होतं, तेव्हापासून झोपण्याआधी घरातलं प्रत्येक बटण त्यांच्या हातानं बंद व्हायचं, एक फ्रिज सोडून. आजारपणातही त्यांनी फेरी चुकवली नव्हती. पहारा असला तरी पाय आपोआप उठले. पुढची खोली झाली, स्वयंपाकघर झालं. शेवटी मागच्या खोलीतल्या बटणांच्या फळ्यावरचं मोठं बटण, ज्यानं वॉशिंग मशीन आणि दिवा एकदम बंद होतो. खट्. आता अंधारातच बसू, चोराला दिसायला नको, असं म्हणून त्या खुर्चीकडे वळल्या.

हिरवा ठिपका गेला होता.

त्या लाटणं उगारून अंगणात धावल्या. कुणी नव्हतं. वायर गाडीला होती तशी घट्ट. खिडकीशीही घट्ट. पेन्शनरच्या घरातून बातम्या ऐकू येत होत्या.

त्या आत आल्या. फळ्यापुढे उभ्या राहिल्या. मग मोठं बटण दाबलं. बाहेर ठिपका लुकलुकला. परत दाबलं, ठिपका विझला. तीनदा करून पाहिलं. गाडीची वायर बसवणाऱ्या मिस्त्रीनं ती याच फळ्यावर जोडली होती, आणि रोज अर्ध्या तासानं ती बंद होत होती. सकाळी सहाला कपडे धुवायला बटण परत चालू होई, साडेसहाला सून निघे. तेवढ्या विजेवर गाडी टेकडीच्या पायथ्याशी दम टाकायची.

सासूबाई खुर्चीत बसल्या. कुणी पाहिलं नव्हतं. बटण चालू ठेवायचं आणि गप्प बसायचं, उद्यापासून गाडी भरेल. पण सोमवारी गाडीच जाणार होती. आणि सहा महिने त्यांनी सुनेला आळशी म्हटलं होतं. घरात म्हटलं, बहिणीकडे म्हटलं, जिन्यात उभं राहूनही म्हटलं.

त्यांनी बटण चालू केलं.

सकाळी त्यांनी ठेवणीतली साडी नेसली. "शनिवारी ऑफिस उघडं असतं ना? चल. तिथं मी बोलणार, तू तोंड उघडायचं नाही."

गाडीत बसल्या. "अगं, चालू कर की."

"चालूच आहे, आई. विजेवर आवाज होत नाही." सून समोरच्या पडद्यावरच्या आकड्याकडे बघत राहिली. "आज पूर्ण भरलीय! तुम्ही काय केलंत?"

"पुढे बघून चालव."

ऑफिसातल्या मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "काकू, सून चांगली आहे म्हणून सांगायला आलात का?"

"नाही. सासू वाईट आहे म्हणून सांगायला आले."

आणि त्यांनी सगळं सांगितलं, बटणापासून लाटण्यापर्यंत. सुनेकडे मात्र एकदाही पाहिलं नाही. मॅडमनी कॉम्प्युटर त्यांच्याकडे फिरवला. रोज आठला सुरू, साडेआठला बंद, सहाला सुरू. "आम्हाला वाटलं, ही दाखवण्यापुरती वायर लावते. सहा महिन्यांत एक दिवस चुकलेला नाही!"

"माझी फेरी चुकतच नाही," सासूबाई ताठ मानेनं म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली.

"हे लेखी लागेल. मी टाइप करते, तुम्ही सही करा."

"माझ्या हाताला काय झालंय?"

पाव तास लागला. काने-मात्रे इकडेतिकडे गेले, पण ओळी चार झाल्या: गाडीची वीज मी बंद करत होते. सून रोज लावत होती. ती आळशी नाही. मी तसं म्हणाले ते चुकलं.

मॅडमनी कागद वाचला, शिक्का मारला आणि त्या सुनेकडे वळल्या. "गाडी राहू दे. सोमवारी फेरीला जा."

बाहेर गाडीपाशी सून थांबली. "सहा महिने, आई."

"हो."

"मी स्वतःवरच संशय घ्यायला लागले होते. मध्येच उठून वायर तपासावी वाटायचं, पण अंगात त्राण नसायचं."

"हो म्हणाले ना. कागदावर लिहूनही दिलं."

"कागद मॅडमकडे आहे. घरी माहीत नाही."

सासूबाईंनी पिशवीतून फोन काढला. मुलाचं नाव शोधलं, सुनेसमोर, अक्षरावर बोट ठेवून.

"अरे, ऐक," त्या म्हणाल्या. "आणि मधे बोलू नकोस. बायकोला आळशी म्हणायला तू माझ्याकडूनच शिकलास, तेव्हा आता पुढचंही माझ्याकडूनच ऐक."