चरणारे शंख

“पाणी कसं हाय?”

अंजना खाटेशेजारच्या स्टुलावर बसून डबा सोडत होती. अर्जुनानं अजून भाताकडं पाहिलं नव्हतं, तिच्याकडंही नाही. मिरजेच्या या दवाखान्यात आल्यापासून त्याचा पहिला प्रश्न हाच असायचा.

“नितळ हाय,” ती म्हणाली.

“आन् मासं?”

“तिनीबी हायती. खात्यात चांगलं.”

तो समाधानानं उशीला टेकला आणि जरा दम घेऊन जेवायला लागला. अंजनानं मान खाली घालून आमटी वाढली. तिच्या नखांत अजून माती होती. तिघांतला एक मासा तिनं सकाळीच परसातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी पुरला होता.

अर्जुना वाघमोडे मूळचा वडूजकडचा. घराणं मेंढरांमागं फिरणारं, पण हा मिसरूड फुटायच्या वयात नेव्हीत भरती झाला आणि सगळी नोकरी जहाजाच्या इंजिनखोलीत काढून आला. पेन्शनीत आल्यावर सांगलीत एका तेलाच्या गिरणीत बॉयलरवर लागला. भाड्याच्या दोन खोल्या, मूलबाळ नाही. बाहेरच्या खोलीत त्यानं लोखंडी अँगल आणि काचा जोडून एक टाकी केली होती आणि तिच्यात समुद्राचं पाणी भरलं होतं. ते तो रत्नागिरीहून एसटीच्या टपावर कॅन टाकून आणायचा. पाणी आटून खारटपणा वाढला का, हे बघायला त्यानं डेअरीतला दुधाचा काटा, म्हणजे लॅक्टोमीटर, मिळवला होता. काटा ठरल्या रेघेवर तरंगला की स्वारी दिवसभर खूश असायची. टाकीत काळ्या पट्ट्यांचे तीन पिवळे मासे होते. गल्लीतली माणसं मुद्दाम बघायला यायची.

अंजना मात्र कधी टाकीच्या वाटेला गेली नव्हती. तिचं माहेर जतकडचं. लहानपणी तिनं टँकरमागं घागर घेऊन धावताना ढोपरं फोडून घेतली होती. जे पाणी पिता येत नाही, ढोरांना पाजता येत नाही, त्याला घरात बसवून एवढं जपायचं कशाला, हे तिला उमगलं नव्हतं. पण अर्जुनाची छाती भरून यायला लागली, पायऱ्या चढताना त्याला भिंत धरावी लागायला लागली, आणि शेवटी दवाखान्यात निघताना रिक्षात बसता बसता तो एवढंच म्हणाला होता, “टाकी बगशील न्हवं?”

तिनं बघितली. जरा जास्तच बघितली. मासे उपाशी राहतील या धास्तीनं ती येता-जाता चिमूट चिमूट खाणं टाकत राहिली. खाणं तळाशी साचलं, कुजलं. काचेवर तपकिरी बुळबुळीत थर धरला. तिनं काथ्यानं काच घासली तर सुटलेली घाण पाण्यात मिसळली आणि मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. मग पहिला गेला.

दोन दिवसांनी दुसराही गेला. आता टाकीत एकच उरला होता. तो कोपऱ्यात, जिथं पंपाची हवा बुडबुडत वर यायची, तिथंच थांबून राहायचा. अंजना रात्री उठून हात भिंतीला लावत बाहेरच्या खोलीत यायची आणि तो हलतो का बघायची. अर्जुना घरी आला आणि टाकी मोकळी दिसली तर काय होईल, याचा विचार तिच्यानं करवत नव्हता. त्या माशांचं आणि त्याच्या श्वासाचं काहीतरी एकात एक गुंतलंय, असं तिच्या मनानं घेतलं होतं. हे बोलायचं कुणाजवळ?

दुसऱ्या दिवशी डबा संपल्यावर तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, “आवं, समुद्रात एवढं मासं. त्यांची घाण कोन काढतं?”

अर्जुनाचा चेहरा उजळला. या विषयावर तिनं आपण होऊन कधी तोंड उघडलं नव्हतं.

“काढायला कोन कशाला लागतंय? वरनं पडल्यालं खायाला खाली कोनतरी बसल्यालंच असतं. बारकं शंख असत्यात, ते खडकावरचं शेवाळ खरडून खात्यात. मोकळ्या शंखात बिऱ्हाड केल्यालं खेकडं असत्यात, ते उरलंसुरलं उचलत्यात.”

“आपल्यात न्हाईत ते?”

“हुतं. उन्हाळ्यात गेलं. पाऊस सरला का आणू म्हनलं, तवर हितं येऊन पडलो.” तो खोकला, थांबला, पुन्हा बोलू लागला. “निवडून घ्याय लागतं. शंख वढून बगायचा. सहजी खडक सोडत न्हाई, तो घ्यायचा. हातात आल्यावर तोंडाचं दार लावून घेतोय का बगायचं. आन् मऊ, लिबलिबीत कायबी घ्यायचं न्हाई. तसलं जिनावर टाकीत मेलं, का पाणी इखारी हुतं. सगळंच जातं.” मग त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. “का गं?”

“शालूबाई इचारत हुती,” अंजना म्हणाली.

शालूबाई शेजारची. तिला तर काही पत्ताच नव्हता. संध्याकाळी अंजनानं तिच्या हातावर दोन दिवसांच्या डब्याचं सामान ठेवलं.

“एवढं दोन दिस त्यास्नी डबा पोचवा. जतला जाऊन येते. भाऊ आजारी हाय.”

शालूबाईनं तिच्या हातातल्या रिकाम्या कॅनकडं पाहिलं. “जतला पाणी आणाय चाललीस व्हय?”

अंजनानं कॅन पदराआड घेतला.

सकाळच्या एसटीनं ती निघाली. मलकापूर मागं पडलं, आंब्याचा घाट उतरताना कानात दडे बसले. सगळ्या वाटेनं तिला मिरजेची खाट दिसत होती. आज डबा शालूबाईच्या हातात बघून अर्जुना काय म्हणेल? रात्र तिनं रत्नागिरीच्या स्टँडवर बायकांच्या बाकावर पदर गुंडाळून काढली आणि उजाडता उजाडता वाट विचारत किल्ल्याखालच्या खडकांवर आली. अर्जुनाच्या बोलण्यात तेच खडक यायचे.

समुद्र तिनं पहिल्यांदाच पाहिला. त्याची भीती वाटेल असं तिला वाटलं होतं, पण त्या घडीला तिला फक्त पाणी किती मागं गेलंय आणि कधी परत येईल, याचीच काळजी होती. ओहोटीनं खडक उघडे पडले होते. खळग्याखळग्यांत पाणी साचलं होतं आणि त्यात शंखच शंख होते. यातला कुठला घ्यायचा? एक उचलावा तर त्याच्याशेजारचा बरा वाटे.

पलीकडं मासेमारी करणारी एक म्हातारी खारवीण कोयत्याच्या टोकानं खडकाला चिकटलेली कालवं फोडत होती. बराच वेळ ती हिच्याकडं बघत होती.

“खायला हवेत काय गो? ते खायचे नव्हेत.”

“खायला न्हवं. टाकीत सोडायला.”

म्हातारीचा हात थांबला. “दुधाचा काटा घेऊन येतो, तो नेव्हीवाला तुझा कोण?”

“मालक हायती.”

“मग तो का नाय आला?”

अंजनाला वाटलं, इथंही काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी. पण ही बाई ना गल्लीतली, ना भावकीतली. ती खडकावर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. दवाखाना, साचलेलं खाणं, दोन मासे, रोजचं खोटं. म्हातारी कालवं फोडता फोडता ऐकत होती. शेवटी उठून ती गुडघाभर पाण्यात उतरली, एका दगडाखाली हात घातला आणि काकडीएवढा काळा, मऊ प्राणी बाहेर काढला.

“हे ने. वाळू खातं हे. तुझा तळ झाडून काढील.”

अंजनाची नजर त्यावर खिळली. तळाचीच घाण तिला रात्रंदिवस खात होती. पण तो प्राणी म्हातारीच्या तळहातावर ओघळल्यासारखा पडला होता, ना दार, ना कवच. मेला तर आपल्याला कळणार तरी कसं?

“नको,” ती म्हणाली. “मऊ नको म्हणत्यात ते.”

“बरोबर हाय त्याचं,” म्हणत म्हातारीनं तो परत दगडाखाली सोडला. मग एका मोठ्या शंखातला दांडगा खेकडा दाखवून म्हणाली, “ह्यालाही हात लावू नको. मासा धरील. ते बारके बघ, नखाएवढे.”

अंजना खळग्याच्या काठाशी उकिडवी बसली आणि शंखांकडं बघत राहिली. हळूहळू तिला दिसायला लागलं. काही शंख नुसतेच बसले होते, आणि काही सरकत होते. ज्या वाटेनं ते सरकले, तिथला खडक स्वच्छ होता. ते चरत होते. बापाबरोबर बाजारात मेंढरं घ्यायला गेलं की बाप कळपात शिरायचा नाही, लांब उभा राहायचा. मान खाली घालून चरतंय ते जनावर घ्यायचा, तोंड मिटून उभं आहे ते सोडायचा. अंजनानं सरकणाऱ्यांतला एक शंख धरून ओढला. तो सुटेना. जोर केल्यावर हातात आला आणि त्यानं दार घट्ट लावून घेतलं. तो तिनं कॅनमध्ये सोडला.

मग ती न घाबरता निवडू लागली. म्हातारी ओंजळ भरून शंख घेऊन आली तेव्हा तिनं हात आडवा केला.

“एवढं नको, आत्या. टाकी केवढीशी! घाण सपली म्हंजी खातील काय?” बहात्तरच्या दुष्काळात बापानं मेंढरं कमी केली नव्हती. विकायला त्याचं मन झालं नव्हतं. रानात चारा नव्हता आणि कळप तेवढाच होता. मग एकेक करत कळप खाली बसला, तो उठलाच नाही. अंजनानं ते माहेरी डोळ्यांनी पाहिलं होतं.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं कॅन टपावर टाकायला सांगितला. ती ऐकेना. “जित्ती जनावरं हायती,” एवढंच म्हणत राहिली. शेवटी त्यानं पायाशी ठेवू दिला. सगळ्या वाटेनं ती तांब्यानं पाणी वर घेऊन पुन्हा आत सोडत होती, हवा मिळावी म्हणून. शेजारचा पटकेवाला म्हातारा वासानं नाक धरून बसला होता. दोन-तीन थांब्यांनंतर त्यानं आपण होऊन तांब्या मागितला. “आण. तुजा हात दुखत आसंल.” मलकापुरात गाडी थांबली तेव्हा तिनं एकेक शंख काढून हुंगला. एकाला वास येत होता. तो तिनं बाहेर टाकला आणि बाकीचे पुन्हा एकदा हुंगले.

घरी आल्यावर तिनं टाकीतलं पाणी पेल्यापेल्यानं कॅनमध्ये मिसळलं, अर्जुना करायचा तसं, आणि मग शंख हातानं काचेला लावले. मासा कोपऱ्यात होता. हलत होता.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली तेव्हा अर्जुना उठून बसला होता. तिनं डबा सोडला, भाकरी मोडून त्याच्या हातात दिली. त्यानं तिचा हात धरला आणि नाकाशी नेला.

“भाऊ कसा हाय जतचा?”

अंजनानं हात मागं ओढला.

“जतला ह्यो वास न्हाई. किती ऱ्हायल्यात?”

“एक,” ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. “म्याच मारलं. खायाला लय घातलं.”

तो रागावला नाही. “काय आणलंस?” त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. कुठला घेतला, कुठला सोडला, काळ्या काकडीला का नको म्हटलं. तो मधे मधे विचारत होता, दार लावलं का, किती घेतले. कमी घेतले म्हटल्यावर त्यानं मान डोलावली. मग खिडकीबाहेर बघत तो म्हणाला,

“म्याबी तुला खोटंच सांगत आलोय, अंजा.”

“काय?”

“डाक्टर पुढल्या म्हैन्यात सोडणार म्हणलो हुतो, ते खरं हाय. पर बरा झालो म्हणून न्हवं.”

वॉर्डात भांड्यांचा आवाज होत होता. अंजनानं त्याच्या हातातली भाकरी घेतली, आमटीत कुस्करली आणि त्याच्यापुढं केली. त्यानं खाल्ली.

मार्गशीर्षात तो घरी आला. त्याची खाट तिनं टाकीशेजारी लावली. शंख काचेवर सरकत आणि त्यांच्या मागं स्वच्छ पट्टी उमटे. एका कुशीवर पडून तो तासन् तास तेच बघायचा. बोलायला दम पुरत नसे, मग तो बोटानं दाखवायचा आणि ती वाकून बघायची. होळीच्या अलीकडं एका दुपारी तो गेला.

दिवस झाल्यावर जतहून भाऊ आला, केरबा. चांगला माणूस. म्हणाला, “ताई, टाकी कुनालातरी देऊन टाक आन् चल माझ्यासंगं. हितं कोन हाय तुजं?”

“येते म्हणं मागनं,” अंजना म्हणाली. “आत्ता पाणी कमी झालंय त्यातलं.”

चैत्रात ऊन वाढलं तसे टाकीतले दोन शंख दार उघडं टाकून पडले. तिनं ते काढले, उरलेले बघितले, काचेवरचा थर बघितला. शालूबाईला किल्ली देऊन ती सकाळच्या एसटीला बसली. या खेपेला रिकामा कॅन शालूबाईनंच तिच्या हातात दिला होता.

किल्ल्याखाली ती पोचली तेव्हा खडक अजून पाण्याखाली होते. म्हातारी टोपली घेऊन काठाला बसली होती. तिनं येणाऱ्या बाईकडं डोळे बारीक करून पाहिलं, ओळखलं. तिची नजर अंजनाच्या मोकळ्या कपाळावर गेली, तिथून हातांवर आली, मग खाली कॅनवर.

म्हातारीनं टोपली आपल्याकडं ओढून घेतली आणि खडकावर एका माणसापुरती जागा केली.

“ओहोटी उशिरा हाय आज,” ती म्हणाली. “बस.”

अंजना बसली. दोघी पाणी उतरायची वाट बघत राहिल्या.