घराची हजेरी

विमावाल्या अजिनाथचा फोन आला तेव्हा मी शिडीवर उभी राहून पत्र्यावर दगड ठेवत होते. "वहिनी, समुद्रातलं वादळ आपल्याकडं वळलंय. ओढा गावात शिरंल. घरातल्या एकूण एक वस्तूचा व्हिडिओ काढून ठेवा. मागनं कंपनी इचारती, ह्ये सामान होतं कशावरून?" पॉलिसी गळ्यात मारताना हा माणूस साखर पेरत होता. आज त्याला धड 'ठेवतो' म्हणायलाही वेळ नव्हता, तेव्हाच मला प्रकरण जड वाटलं.

नवरा, सुग्रीव, मेंढरं घेऊन उंच माळावर गेला होता. घरात मी आणि माझ्या सासूबाई, भामाबाई; मी त्यांना आत्याबाई म्हणते. आमच्या उमापूरची शाळा उंचावर आहे, गाव तिकडं निघालं होतं, आणि आत्याबाई बाजेवरून हलायला तयार नव्हत्या. "नवरी हून ह्या घरात आले, हितूनच माझी तिरडी निघंल," एवढंच त्यांचं म्हणणं. सकाळपासून मी समजावलं, भांडले, शेवटी बोलणंच टाकलं. इतका राग आला होता, पण त्यांना बुडायला सोडून जाण्याइतकी मी दगड नाही.

मोबाईलवर व्हिडिओ चालू करून सामान दाखवायला लागले. आमच्यात मेंढरं मोजत नाहीत, मोजलेल्या जित्राबाला नजर लागते. संध्याकाळी ती वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घेताना एकजण एकेकीचं नाव पुकारतो. आतल्या बाजूला उभा असलेला दुसरा तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, "हाय." ती आत आली नसेल तर म्हणतो, "न्हाई." माझे सासरे, धुळाजी मामंजी, जन्मभर त्या आतल्या जागेवर उभे राहिले. त्यांना जाऊन दोन पावसाळे झाले. पण हात आणि जीभ यांना वळण लागलेलं असतं. मी घरही तसंच पुकारलं. "कपाट." जरा थांबले. "शिलाई मशीन." थांबले. "पितळी हंडा. फ्रीज. ज्वारीची कोठी." शेवटी फोन बाजेकडं वळवला आणि चिडूनच म्हणाले, "आन् ह्या आमच्या भामाबाई."

अजिनाथला पाठवायच्या आधी नीट निघालाय का ते बघावं म्हणून व्हिडिओ लावला. पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता, त्यात माझा आवाज. "कपाट." आणि मग अगदी फोनजवळून एक जाड, दमलेला बाप्याचा आवाज आला. "हाय."

शेजारचा कुणी बोलला असेल म्हणून मी दाराबाहेर डोकावले. आळीत चिटपाखरू नव्हतं. व्हिडिओ पुढं चाललाच होता. शिलाई मशीन, हाय. हंडा, हाय. कोठी, हाय. मग पडद्यावर आत्याबाई आल्या, बाजेवर मांडी घालून बसलेल्या. माझा चिडका आवाज आला. त्यानंतर बराच वेळ नुसता पाऊस.

"न्हाई."

समोर धडधडीत बसलेल्या बाईला जो नाही म्हणतो, त्याला पुढचं दिसत असणार. ही बाई उद्या नसणार, एवढाच अर्थ मी काढला. मनात म्हटलं, घाबरतील तरी, उठतील तरी. मी फोन त्यांच्या कानाशी धरला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांनी ऐकलं, "परत लाव" म्हणाल्या, पुन्हा ऐकलं, आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढून नीट बसल्या. मामंजी बाहेरून आले की त्या असाच पदर ओढायच्या.

"तुज्या मामंजीचा आवाज हाय," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर सांगतेय, चला."

"आता कशाला जाऊ? मानूस घरात हाय. त्येला टाकून जाऊ व्हय?"

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. त्या आनंदाचीच मला जास्त भीती वाटली. तेवढ्यात ओढ्याचं पाणी उंबरा ओलांडून आत आलं, आवाज न करता, पाहुण्यासारखं. बाजेखालच्या चपला तरंगायला लागल्या. मी त्यांचा दंड धरून ओढला, त्यांनी बाजेची कड धरली. माझा जिभेवरचा ताबा सुटला.

"आत्याबाई, न्हाई कवा म्हनतेत? आत नसती तिला. कपाट आत हाय म्हनले, हंडा आत हाय म्हनले. तुमी न्हाई. मामंजींनी तुमास्नी ह्या घरात धरलंच न्हाई. मंग त्येंचं न ऐकता तुमी हितं कश्या बसल्या?"

बोलून गेले आणि मलाच रडू फुटलं. आत्याबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी बाजेची कड सोडली. मालकाचा शब्द त्यांनी उभ्या जन्मात मोडला नव्हता.

पाणी पिंढरीपर्यंत आलं होतं. माझा खांदा धरून त्या दारापर्यंत आल्या आणि उंबऱ्याबाहेर पाय ठेवून थांबल्या. फोन मी बंद करून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचला होता. त्या घराकडं वळल्या आणि आतल्या अंधारात त्यांनी स्वतःचंच नाव पुकारलं, मेंढीचं पुकारावं तसं.

"भामा?"

आत फ्रीज हळूहळू भिंतीवर आपटत होता. मग दाराच्या अगदी आतून, हात लावता येईल इतक्या जवळून उत्तर आलं.

"न्हाई."

मी त्यांना पाठकुळी घेतलं आणि शाळेच्या चढाला लागले. अर्ध्या चढावर मागं आमची भिंत बसली, पत्रा पाण्यात आडवा झाला. मी वळून पाहिलं, त्यांनी नाही. माझ्या मानेवर त्यांचे डोळे ओले लागत होते.

"हाकलून दिलं गं मला," त्या म्हणाल्या. "आन् सोता येकलेच ऱ्हायले आत."