सॉरीचं मूळ

मनोरमाबाईंना नवऱ्याच्या तोंडून एकच शब्द हवा होता, तोही इंग्रजी, आणि या माणसाचा उभा जन्म डहाणूत इंग्रजी शिकवण्यात गेला होता. तरी सकाळपासून घोडं अडलं होतं.

झालं होतं असं. त्यांच्या भावाच्या, म्हणजे शैलेशच्या मुलीचा साखरपुडा तलासरीला झाला. जेवणाला जरा उशीर झाला, तेव्हा व्याही हात जोडून 'सॉरी हं' म्हणाले. साधी गोष्ट. पण वासुदेव सर भर मांडवात उठले आणि त्यांनी व्याह्यांना विचारलं, "तुम्हाला कुठे दुखतंय का?" मग पंगत ताटकळत ठेवून सांगितलं, की सॉरी हा शब्द मुळात जखमेवरून आला; धक्का लागला, उशीर झाला, की उठसूट सॉरी म्हणणं ही त्या शब्दाची विटंबना आहे. व्याह्यांचा चेहरा उतरला. शैलेश खाली मान घालून वाढत राहिला.

आज भाऊबीज. 'भाऊजी सॉरी म्हटल्याशिवाय तुमचा उंबरा चढणार नाही,' असा शैलेशचा कोसबाडहून निरोप होता.

"अहो, एक फोन करा ना," मनोरमाबाई कितव्यांदा तरी म्हणाल्या.

"अगं, दुखत नसताना सॉरी म्हणणं खोटं होईल. फार तर अपॉलॉजी म्हणतो. पण ग्रीकमध्ये त्याचा अर्थ स्वतःच्या बचावाचं भाषण."

"ते तर सकाळपासून चालूच आहे."

सरांना ते पटलंसुद्धा. मनोरमाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शब्दांची सात पिढ्यांची कुळी ठाऊक, आणि घरातल्या माणसाच्या मनात काय चाललंय याचा पत्ता नाही.

दिवेलागणीला त्या तबक घेऊन गच्चीवर निघाल्या. सर मागोमाग आले. "हे काय? ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात."

"मला कुठे आहे? बाजूला व्हा. बीजेची कोर आहे, आत्ता बुडेल समुद्रात."

त्यांनी निरांजन लावलं, तबक उचललं. पण ते तसंच खाली ठेवून त्या पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. बेचाळीस वर्षांच्या संसारात सरांनी हे पाहिलं नव्हतं. त्यांनी खिशातून फोन काढला आणि स्पीकरवर शैलेशला लावला.

"शैलेश, चुकलं रे माझं. तुझ्या व्याह्यांसमोर तुझी मान खाली घालवली मी. ही रडतेय इथे. ये बाबा."

शैलेशने घाबरून विचारलं, "भाऊजी, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"बरी नाही. कुठे आहेस तू?"

"डहाणू रोडलाच. स्टेशनसमोर चहाच्या टपरीवर. दुपारपासून बसलोय, तुमचा फोन येईल म्हणून."

मनोरमाबाईंनी डोळे पुसले आणि कपाळावर हात मारून घेतला. दोघेही एकाच माळेचे मणी. ओवाळायच्या आधी दोघांना एकेक धपाटा घालावा, असं त्यांना मनापासून वाटलं.

"स्टेशनसमोर," त्या म्हणाल्या, "आणि मी इथे चंद्राला भाऊ करायला निघाले होते."