एकट्या वादकाची आवराआवर

माझ्या पुतण्याला घरात सगळे ठोक्या म्हणतात. तो तालवाद्यं वाजवतो, म्हणजे समोर येईल ते वाजवतो. एका नामवंत संगीतकार बाईंनी एकट्या वादकासाठी नवी रचना लिहिली आणि तिचा पहिला प्रयोग ठोक्याकडे आला. बाई स्वतः पहिल्या रांगेत बसणार होत्या. जमलं तर पुढचे सगळे प्रयोग याचे. नाहीतर दुसरा एक वादक त्यांच्या मनात घोळत होताच.

सामान आमच्याच गाडीतून गेलं. झांजा, लाकडी ठोकळे, ढोल, मातीच्या कुंड्या आणि ट्रकचा एक जुना ब्रेकड्रम. ठोक्याने ते स्टेजवर अर्धगोलात मांडलं. न बघता हात जिथे पडेल, तिथे ती वस्तू, असं त्याचं गणित. मग तो कपडे बदलायला गेला.

आमच्या सौभाग्यवतींना पसारा बघवत नाही. मी दाराशी गप्पा छाटत होतो तेवढ्यात त्यांनी कुंड्या ओळीत लावल्या, झांजा एकीवर एक रचल्या, ठोकळे उंचीप्रमाणे उभे केले. ब्रेकड्रम बघणाऱ्याला बरा दिसेना म्हणून पडद्यामागे ढकलला.

प्रयोगाची वेळ झाली. ठोक्या आला, मान लववली, आणि वळून पाहतो तर काय! त्याचा चेहराच उतरला. पण करतो काय? मुकाट्याने एकेक वस्तू जागेवर न्यायला लागला. कुंडी फरशीवर करकरली. एक झांज निसटली, ती बराच वेळ गरगर फिरून कशीबशी शांत झाली. लोकांनी श्वास रोखले. पडद्यामागून त्याने ब्रेकड्रम घरंगळत आणला, तेव्हा माझ्या शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी डोळे मिटले.

“केवढा आशय आहे हो!” ते पुटपुटले.

शेवटची कुंडी ठेवून ठोक्याने घाम पुसला. टाळ्यांचा कडकडाट! लोक उभे राहिले आणि उभे राहिलोच आहोत तर म्हणून चहाकडे निघाले. ठोक्या रडवेला होऊन पाहतच राहिला. संगीतकार बाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत.

सौभाग्यवती दारात आडव्या उभ्या राहिल्या. “कुठे निघालात? बसा आधी! पोराने अजून सुरुवातही केलेली नाही.”

“मग आत्ता झालं ते काय होतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“आवराआवर!”

लोक शाळेतल्यासारखे परत बसले. ठोक्याने रचना वाजवली. कुंडीवर बोट फिरवलं तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावं, इतका जीव ओतून वाजवली. टाळ्या मात्र बेताच्याच पडल्या.

“उत्तरार्ध जरा कमी पडला,” डॉक्टर म्हणाले.

बाई स्टेजवर गेल्या. “एकही हात चुकला नाही तुझा. पुढचे प्रयोग तुझेच.” ठोक्याचा जीव भांड्यात पडला. मग बाईंनी आवाज खाली आणला. “पण त्या आधीच्या प्रकाराला माझ्यापेक्षा जास्त टाळ्या कशा?”

“ती... काकू...” ठोक्याने बोट दाखवलं.

बाईंनी सौभाग्यवतींना नीट न्याहाळलं. “पुढच्या खेपेला तुम्ही सगळं संपल्यावरच या.”

“यावंच लागेल,” सौभाग्यवती म्हणाल्या. “एवढा पसारा कोण आवरणार?”