सिताबाईंनी अडवलेला टोला

मी एक जुना रूळ आहे. रूळ म्हणणेही जास्तच होईल; हातभर लांबीचा तुकडा. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे का, याची मला खात्री नाही. पण ती दुसरे कुणी सांगणार नाही.

येडशीजवळ लोहमार्गाचे जुने रूळ बदलले, तेव्हा मी भंगारात पडलो. एका गुरुजींनी मला बैलगाडीतून आपल्या गावच्या शाळेत आणले आणि कडुलिंबाच्या फांदीला तारेने टांगले. मी शाळेची घंटा झालो. मला वाजवण्याचे काम शाळेच्या शिपाई सिताबाईंकडे होते.

शाळेचा नियम कडक होता. घंटेनंतर येणाऱ्याला घरी परत पाठवत. धनगरवस्तीवरचा बालाजी ओढा ओलांडून कोसभर चालत येई. दोनदा तो परत गेला, तेव्हा त्याचे वडील धुळाप्पा शाळेत आले.

"आता पुन्यांदा माघारी धाडलं, तर मेंढरामागं घालतो त्याला. तितं घंटा नसती," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सिताबाई दांडा उचलून उभ्या राहत, पण टोला देत नसत.

"सिताबाई, साडेदहा होऊन गेले की!" हेडमास्तर ओरडत.

"तुम्ही घड्याळ बघा गुरुजी, मी वढा बघते. लेकरू अजून पाण्यातच हाय."

बालाजीचे पाऊल आवारात पडले, की मगच माझ्यावर टोला पडे. दहावीपर्यंत हे चालले. त्यासाठी सिताबाईंना एकदा लेखी समज मिळाली. त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी तो कागद बालाजीकडूनच वाचून घेतला. वाचता वाचता तो रडला.

"म्या इसरणार न्हाय, मावशी," तो म्हणाला. मी ऐकले आहे.

गेल्या महिन्यात त्याच्या तुकडीचा कृतज्ञता मेळावा झाला. बालाजी आता मोठा अधिकारी आहे. मला सोनेरी रंग दिला, झेंडूचा हार घातला. सगळ्या गुरुजींना निमंत्रण गेले, सिताबाईंना नाही. तरी त्या ठेवणीतले लुगडे नेसून आल्या आणि माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. तो ओळखेल, असे मला वाटत होते.

तो आला. सिताबाई हसल्या. "आलास का येळेवर?"

"आजी, जरा बाजूला होता का? फोटो काढायचाय," बालाजी म्हणाला.

मग त्याने माइक घेतला. "वेळ पाळायला मला या घंटेनं शिकवलं. ही कधी कुणासाठी थांबली नाही!"

टाळ्या झाल्या. त्याने दांडा उचलून टोला दिला आणि मी खणखणीत वाजलो. याची मला अजून लाज वाटते. सिताबाई जेवायच्या आधीच फाटकाबाहेर पडल्या. थांबा, असे कुणी म्हटले नाही.

त्यांचे घर शाळेपासून वीस पावलांवर आहे. साडेदहाच्या सुमारास त्या दारात बसतात. नजर ओढ्याकडेच असते.

मित्रांनो, लोखंडाला हार घालणे सोपे आहे. त्याची ओळख ठेवावी लागत नाही. तुमच्यासाठीही कुणीतरी टोला अडवून धरला असेल. त्यांच्या घरी जा. फार उशीर झाला असेल, तरी जा. ती माणसे उशिरा आलेल्याला परत पाठवत नाहीत.