पुलाच्या अर्ध्यावर संपलेला परवाना

मित्रांनो, पिस्तुलाला सगळे वचकतात, पण प्लास्टिकच्या तुकड्याला कुत्रं विचारत नाही. मी तसाच एक जुना तुकडा आहे: लपवून पिस्तूल बाळगण्याचा परवाना. माझ्यावर व्हर्लीनबाईंचा फोटो आहे, डोळे अर्धवट मिटलेले.

व्हर्लीनबाई घरोघरी जाणाऱ्या नर्स. सोडलेल्या नवऱ्याने दोनदा दार फोडलं, तेव्हा त्यांनी पिस्तूल घेतलं. मी मात्र सुखासुखी मिळालो नाही. आठ तासांचा वर्ग, नेमबाजीची परीक्षा, दहाही बोटांचे ठसे. शिकवणारा म्हातारा हवालदार दरडावायचा, "पोलिसाने गाडी थांबवली की हात स्टिअरिंगवर! आधी तोंड उघडायचं, मग पर्स. उलटं केलंत, तर मयतीला मला बोलावू नका." सगळे हसले. व्हर्लीनबाईंनी ते लिहून घेतलं.

पाच वर्षं मी पर्समध्ये मानाने राहिलो. आमच्या देशात पिस्तुलाचा कायदा राज्यागणिक वेगळा; मग आमच्या राज्याने आपला बदलला. परवाना लागणार नाही! सभागृहात टाळ्या कडाडल्या. त्याच महिन्यात माझी मुदत संपत होती. बाई नूतनीकरणाचा अर्ज भरायला बसल्या, तर धाकटा भाऊ ड्वेन खिदळला.

"अगं ताई, सरकारच नको म्हणतंय आणि तू रांगेत उभी राहणार? उद्या श्वास घ्यायचाही परवाना काढशील!"

"पण नदीपलीकडे चालेल का रे?"

"देश एकच आहे ना? झालं तर मग!"

अर्ज केराच्या टोपलीत गेला. मी आतल्या आत ओरडत होतो. नदीपलीकडचं राज्य बिनपरवान्याला मानत नाही, आमचं चालू मुदतीचं कार्ड तेवढं मानतं. पण प्लास्टिकला आवाज कुठला!

गेल्या मंगळवारी बाई पूल ओलांडून एका नव्या रुग्णाकडे निघाल्या. पुलाच्या मध्यावर 'स्वागत' अशी पाटी आहे. नियम मात्र कोणी पाटीवर लिहीत नाही. पलीकडे पोहोचतात तोच मागे पोलिसाचा भोंगा वाजला. गाडीचा मागचा दिवा बंद होता, एवढंच निमित्त.

बाईंनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "साहेब, पर्समध्ये पिस्तूल आहे. परवानाही आहे."

"हलू नका बाई. मी काढतो."

त्याने मला उलटंपालटं केलं. "ही तारीख वाचलीत?"

"आमच्याकडे आता लागत नाही, साहेब."

"तुमच्याकडे. आत्ता तुम्ही आमच्याकडे आहात."

"माझ्या पेशंटचं इन्शुलिन खोळंबलंय हो..."

"दुसरं कोणी जाईल."

नर्सबाईंच्या हातांत बेड्या पडल्या. खटला उभा राहिला आहे. शिक्षा झाली, तर नर्स म्हणून काम करायचा परवानाही जाईल. ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्यापैकी एकही माणूस पोलीसठाण्यात फिरकला नाही. मी पुराव्याच्या पाकिटात पडून दिवस मोजतो आहे.

मित्रांनो, माझी पूजा करा असं मी म्हणत नाही. पण उद्या कोणी छाती फुगवून सांगितलं की "आता परवाना लागत नाही", तर त्याची गचांडी धरून एवढंच विचारा: कुठपर्यंत?